कारवाई : निरंक

काकूंनी सही केलेला कागद माझ्याकडून परत घेतला, तेव्हा मी कायद्यात पीएच.डी. करत होते आणि आपल्याला कायदा येतो अशी माझी समजूत होती.

विद्यापीठ दूरच्या शहरात. आमच्या विभागाला एक प्रकल्प मिळाला होता. खेड्यातल्या बायकांचा हक्क डावलला गेला तर त्या काय करतात, कायद्याची मदत त्यांच्यापर्यंत पोचते का, याचा अभ्यास. माझ्या मार्गदर्शक मॅडम त्या प्रकल्पाच्या प्रमुख होत्या. वाशीम जिल्हा त्यांनी माझ्याकडे दिला, कारण मी इकडचीच, केनवडजवळच्या गावातली. "तुझ्याशी त्या मोकळेपणानं बोलतील," मॅडम म्हणाल्या होत्या. ते खरंच होतं. बायका मोकळेपणानं बोलायच्या. ऐकण्यात मी कमी पडत होते, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

फॉर्म टॅबवर भरायचा होता. सगळा फॉर्म एका प्रश्नावर अडलेला असायचा: "हक्क डावलला गेल्यावर आपण कोणती कारवाई केली?" खाली पर्याय. पोलीस, न्यायालय, तहसील, ग्रामपंचायत, मोफत कायदा मदत. आणि सगळ्यात शेवटी "निरंक". निरंक दाबलं की पुढचे अकरा प्रश्न आपोआप गळून पडायचे आणि थेट विचारलं जायचं: का नाही केली? माहिती नव्हती, भीती वाटली, खर्च परवडत नव्हता, वेळ नव्हता. यातलं एक निवडायचं. बहुतेक वेळा मी "माहिती नव्हती" दाबत असे. कोणी तसं म्हणालं नसलं तरी चेहऱ्यावरून मला तसं वाटायचं.

फॉर्म भरायला मी ज्यांच्याकडे गेले त्या काकूंचं गाव कारंज्याच्या बाजूला. त्यांचं वावर एकरभरसुद्धा नाही, पण विहिरीला पाणी बरं, म्हणून मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी असं बारमाही चालायचं. दोघं नवराबायको राबायचे. तोडलेली भाजी काकू डोक्यावरून सडकेपर्यंत आणायच्या आणि तिथून काका ती पहाटेच्या ऑटोनं कारंज्याच्या हर्राशीला, म्हणजे भाजीच्या लिलावाला, न्यायचे.

त्यांच्या वावराला सडक लागत नाही. मधे दुसऱ्याचं वावर आहे आणि त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, काकूंची वाट जाते. त्या शेजाऱ्यानं पोळ्याच्या सुमारास संत्र्याची कलमं लावली, रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात म्हणून चारी बाजूंनी सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ओढली, आणि वाट तारेच्या आत गेली. मी गेले तेव्हा माघ लागला होता.

काकू ओसरीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी संमतीपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तशी मॅडमची सक्त ताकीदच होती. त्यांनी ऐकलं, आपलं नाव सावकाश लिहिलं, खाली रेघ ओढली. मग मी टॅब उघडला.

"तार ओढल्यावर तुमी काय केलं, काकू?"

"कायचं काय करतो? मी जातो नं."

"म्हणजे तक्रार वगैरे? तहसीलले अर्ज?"

"अर्ज नाई केला. सरपंच म्हने हंगाम निघू द्या, मंग बसू. मी जातो आपली."

मी निरंक दाबलं. अकरा प्रश्न गळाले. मग "माहिती नव्हती" दाबलं. वर हिरवी बरोबरची खूण आली आणि फॉर्म गेला. मी टॅब पिशवीत ठेवत होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "वाच बरं काय लिहिलं ते."

हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी वाचलं. कारवाई निरंक. कारण, हक्कांची माहिती नाही.

काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "हे खोड."

"काकू, ते आता खोडता येत नाही. गेलं ते."

"मले माहीत नाई असं मी म्हटलं काय तुले?"

"नाही म्हटलं. पण तुमी अर्ज केला नाही नं, म्हणून..."

"अर्ज नाई केला म्हून मले माहीत नाई. हे तूच ठरवलं." त्या उठल्या, सतरंजीवर पडलेलं संमतीपत्र उचललं आणि घडी घातली. "तूच वाचलं आता. कधीबी वाटलं त माघार घेता येते, कारन सांगा लागत नाई. असं हाये नं याच्यात? मंग मी घेतली माघार. ही माही सही माह्यापाशी राहीन."

 ते वाक्य मी कितीतरी ओसऱ्यांत, कितीतरी ओट्यांवर घडाघडा वाचलं होतं. त्याचा कोणी वापर करेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"सकायी साहा वाजता ये," काकू म्हणाल्या. "माह्यासंग वावरात चाल. मंग लिही काय लिहाचं ते."

मी त्या गावात ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि उजाडता उजाडता गेले. थंडी होती. काकूंनी डोक्याला स्कार्फ गुंडाळला होता आणि हातात बेचक्याची काठी होती. ती काठी कशाला, ते तारेपाशी गेल्यावर कळलं. त्यांनी बेचकं खालच्या तारेत अडकवलं, तार वर उचलली, काठी जमिनीत टेकवून पक्की केली, आधी रिकामं टोपलं पलीकडे सरकवलं आणि मग स्वतः बसून, वाकून, पदर आवरत पलीकडे गेल्या. गुडघे दुखत होते ते दिसत होतं. मग मला म्हणाल्या, "ये. पाठ खाली ठेव."

शेजारी कलमांना पाणी देत होता. त्यानं लांबूनच सांगितलं, "वहिनी, इथून रस्ता नाई म्हनून कितीक डाव सांगतलं तुमाले."

काकू थांबल्या. आजूबाजूच्या वावरांत हरभरा उपटणाऱ्या बायका होत्या, पलीकडे एक जण मोटर सुरू करत होता. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "भाऊ, मी रोजच्यावानी जाऊन राह्यली. आयकून ठेवजा."

आणि चालू लागल्या. आवाजात राग नव्हता. हजेरी देताना असतो तसा सरळ आवाज होता.

विहिरीपाशी बसल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर मानोऱ्याकडचं. त्यांच्या वडिलांची वाट अशीच एकानं बंद केली होती. वडील भांडणाला भिणारे. शेजाऱ्याशी कायले वाकडेपणा, म्हणून ते लांबून फेरा घालून वावरात जाऊ लागले. काही वर्षांनी तो फेराही बंद झाला, तेव्हा वडील तक्रार घेऊन गेले. चौकशीला माणूस आला. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, की या धुऱ्यावरून हे बऱ्याच वर्षांत चालले नाहीत. शेवटी वडिलांनी वावर त्याच माणसाला विकलं.

"तवा मी चवथीत होती," काकू म्हणाल्या. "तवाच समजलं. वाट कागदावर नसली त पायानं ठेवा लागते. एक दिवस खंड पडला का तो म्हनीन, सोडली हिनं. म्हून मी खंड पडू देत नाई."

पोळ्यापासून एकही दिवस खंड पडला नव्हता. ताप आला त्या दिवशी काकांना पाठवलं, आणि काकांनी तेच वाक्य तितक्याच मोठ्यानं बोलायचं हे घरून पाठ करून घेतलं. मार्गशीर्षात मुलीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी पाहुणे घरात असताना त्या हळदीच्या हातानं वावरात जाऊन आल्या. "विहीन म्हने, ही कुठं चालली. म्या म्हटलं, काम हाये."

मी तिथं बसले होते आणि मला माझाच एक पेपर आठवत होता. अखंड वहिवाटीनं हक्क कसा पक्का होतो, यावर मी एल.एल.एम.ला लांबलचक उत्तर लिहिलं होतं. अखंड, उघडपणे, कोणाची परवानगी न घेता, हक्क म्हणून. हे चारही शब्द मी परीक्षेत अधोरेखित केले होते आणि त्यांना चांगले गुण मिळाले होते. काकू तेच रोज सकाळी तारेखालून करत होत्या. उघडपणे, मोठ्यानं ओरडून. आणि मी त्यावर निरंक दाबून मोकळी झाले होते.

मला लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, आणि तो नेमका कोणावर हे ठरवायला मला वेळ लागला.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती आणि काकूंना नव्हती. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारापुढे दावा लावता येतो, पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पोळ्यापासून मोजलं तर हातात थोडेच दिवस उरले होते. मी ते सांगितलं.

काकूंनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, "हे मले माहीत नव्हतं. हे लिही. पन इतकंच लिही, याच्याहून जास्त नाई."

अर्ज आम्ही त्याच दिवशी त्यांच्या ओसरीत लिहिला. मी सवयीनं सुरुवात केली, "अर्जदार नम्र विनंती करते की..."

"विनंती कायची?" काकू म्हणाल्या. "मी काई मागून नाई राह्यली. हाये ते हाये. कळवते असं लिही."

मी "कळवते" लिहिलं. नकाशा, सातबारा, शेजाऱ्याच्या गटाचा नंबर, सगळं जोडलं. मुदतीच्या आत अर्ज दाखल झाला आणि पोच घेतल्याशिवाय काकू खिडकीवरून हलल्या नाहीत.

त्यानंतर मी माझे जुने फॉर्म कागदावर छापून काढले. सगळीकडे पुन्हा जाणं शक्य नव्हतं, पण जिथं जाता आलं तिथं गेले आणि या वेळी टॅब उघडलाच नाही. केनवडकडच्या एका बाईला भावांनी बापाच्या जमिनीत हिस्सा दिला नव्हता. तिच्या फॉर्मवर मी निरंक लिहिलं होतं. ती दर वर्षी पेरणीला माहेरी येते आणि न विचारता एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, आपल्या हातानं पेरून जाते. भाऊ चिडतात, पण तो तास कोणी मोडत नाही. मानोऱ्याच्या एका तांड्यावरची बाई ऊसतोडीला जाते. ती परत आली की घरात शिरायच्या आधी मागची मोकळी जागा सारवते आणि तिथं चूल मांडते, कारण एका वर्षी ती गेलेली असताना कोणीतरी म्हटलं होतं की ही जागा पडीक आहे. तिच्या नावापुढेही निरंक होतं. मी दोघींना त्यांचे फॉर्म वाचून दाखवले. दोघींनी सह्या परत मागितल्या. मग बातमी पसरली आणि आणखी काही जणींनी मागितल्या.

मी मॅडमना फोन केला.

"म्हणजे तू त्यांना चिथावलंस," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम. त्यांचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं."

"हे बघ, प्रश्नावली प्रमाणित आहे. पाच जिल्ह्यांत तीच वापरली आहे. एकेका बाईची गोष्ट घेऊन आपण निष्कर्ष बदलायला लागलो तर त्याला संशोधन म्हणत नाहीत."

"मग जे केलं ते 'केलं नाही' असं लिहिणं, त्याला काय म्हणतात?"

 मग त्या थंडपणे म्हणाल्या की क्षेत्रकाम अचूक झाल्याचं प्रमाणपत्र मला या महिन्यात द्यायचं आहे, माझी शिष्यवृत्ती या प्रकल्पातून आहे, आणि मी नीट विचार करावा.

मी विचार केला. आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुले पटत नसन त सही करू नको. घरी ये, जेवाले मिळते." मी प्रमाणपत्रावर सही केली नाही. त्याऐवजी विद्यापीठाच्या नैतिकता समितीला पत्र लिहिलं आणि माघार घेतलेल्या बायकांची यादी जोडली. पुढच्या महिन्यापासून माझी शिष्यवृत्ती थांबली. रिसोडच्या एका शिकवणीत मी संध्याकाळी नागरिकशास्त्र शिकवू लागले.

समितीनं मॅडमना विचारलं असावं, कारण फाल्गुनात त्या स्वतः आल्या. गाडी सडकेवर ठेवून चालत काकूंच्या घरी आल्या. मला वाटलं होतं त्या रागावून येतील. त्या दमलेल्या दिसत होत्या. काकूंनी चहा दिला आणि मॅडमनी समजावून सांगायला सुरुवात केली, की या अभ्यासामुळे सरकारला कळेल, बायकांसाठी शिबिरं होतील, फायदा तुमचाच आहे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाले एक इचारू काय, बाई? तुमच्यावर कवा अन्याय झाला काय?"

मॅडम जरा हसल्या. "झाला की."

"कायचा?"

त्या सांगणार नाहीत असं मला वाटलं. पण त्यांनी सांगितलं. विभागप्रमुखपद त्यांचं होतं, त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ माणसाला दिलं गेलं.

"मंग कोर्टात गेल्या काय तुमी?"

"नाही."

"कायले नाई?"

"तिथं रोज काम करायचं होतं मला. मी गेले असते तर त्यांना हवंच होतं की मी सोडून जावं. मी सोडलं नाही. रोज वेळेवर जाऊन माझ्या खुर्चीत बसले."

काकू माझ्याकडे वळल्या. "लिही. कारवाई निरंक. माहिती नव्हती."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "तो वेगळा विषय आहे," त्या म्हणाल्या.

"वेगळा कायचा?"

मॅडमनी कप खाली ठेवला आणि त्या उठून गाडीकडे निघाल्या.  नंतर छापील अहवाल आला. माघार घेतलेल्या बायकांचे फॉर्म त्यातून काढले होते आणि एका तळटीपेत लिहिलं होतं, की "निरंक" या पर्यायात दैनंदिन प्रतिकाराचे काही प्रकार नोंदले गेलेले नसणे संभवते. "संभवते" या शब्दावरून मी त्यांच्याशी अजून भांडते. त्या अजूनही माझ्या मार्गदर्शक आहेत. मी माझ्या प्रबंधाचा विषय बदलला, तेव्हा त्यांनी अर्जावर सही केली आणि म्हणाल्या, "तुला दोन वर्षं जास्त लागतील." मी म्हटलं, लागू द्या.

काकूंच्या अर्जावर स्थळपाहणी झाली. नायब तहसीलदार, तलाठी आणि दोन पंच आले. मीही गेले होते, लांब उभी होते. हरभऱ्यातल्या बायकांचे जबाब झाले. सगळ्यांनी सांगितलं की ही रोज जाते, आणि ओरडून जाते. मग साहेबांनी शेजाऱ्याला विचारलं, "या बाई इथून जातात का?"

तो वैतागलेलाच होता. "जाते म्हंजे? रोज जाते साहेब. तार ओढली तरी जाते. कितीक डाव सांगतलं, आयकतच नाई. माह्या बापाच्या टायमापासून यायचं असंच हाये."

तलाठ्यानं मान वर केली. साहेब म्हणाले, "बापाच्या वेळेपासून. हे लिहून घ्या."

आपण काय बोललो हे शेजाऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा जबाब लिहून झाला होता. त्यानं सही करायला थोडा वेळ घेतला, पण केली. तो खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. रोह्यांनी त्याची पहिली कलमं खरंच खाल्ली होती.

आदेश चैत्रात झाला. बंडी, म्हणजे बैलगाडी, जाईल इतकी वाट मोकळी करावी, आणि रोह्यांसाठी शेजाऱ्याला हवं तर तिथं फाटक लावावं, पण कुलूप नको. शेजाऱ्यानं वरच्या कचेरीत दाद मागितली आहे. ते चालू आहे आणि काय होईल मला सांगता येत नाही. तोवर तार निघालेली आहे.

वैशाखात एकदा काकूंनी बोलावलं म्हणून गेले. त्यांच्या वावरात त्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली जाणार होती, शेणखत भरून. इतकी वर्षं त्यांच्या वावरात खत डोक्यावरूनच गेलं होतं, टोपल्या-टोपल्यांनी. ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा होता, वाट त्याला नवी. काकू ट्रॉलीच्या पुढे चालत होत्या, उलट्या, त्याच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दाखवत.

फाटकातून आत आल्यावर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"इकळून घे," त्या म्हणाल्या. "धुऱ्याच्या या अंगानं. तिकळे त्याचं हाये. त्याच्या कलमायले चाक लागलं नाई पाह्यजे."

ट्रॅक्टरवाल्यानं स्टेअरिंग वळवलं. काकू मागे न पाहता उलट्या चालत विहिरीपर्यंत गेल्या.